झेंड्यावरची म्हैस

कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघात मी दोन वर्षं होते, म्हणजे बाकावर होते. ट्रॅकसूट मिळतो म्हणून नाव दिलं आणि ट्रॅकसूट मिळाला, तेव्हा माझी काही तक्रार नव्हती. आम्ही भरपूर गोलांनी पुढे असलो आणि मी काही बिघडवू शकणार नाही अशी खात्री झाली, की सर मला मैदानात उतरवणार होते. अशी वेळ फारशी आली नाही. चित्रात मात्र माझा हात बरा होता. गॅदरिंगच्या रांगोळ्या, नोटीस बोर्डाची सजावट, सरांच्या मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट, सगळं फिरून माझ्याकडेच यायचं. त्यामुळे संघासाठी झेंडा करायचा ठरलं तेव्हा तो कोण करणार, यावर कुणी चर्चासुद्धा केली नाही.

मी शिरोळची, कॉलेजसाठी कोल्हापुरात खोली घेऊन राहणारी. आमच्या गावात क्रिकेट चालतं, पण कोल्हापूरच्या फुटबॉलचं वेड वेगळंच. मुलांची मॅच असली की पेठच्या पेठ घरं बंद करून मैदानात येते. हलग्या, शिट्ट्या, चादरीएवढे झेंडे, आणि पंचांच्या सात पिढ्यांचा उद्धार. आमची मॅच असली की बघायला कोण? सर, शेंगदाणेवाला, आणि पुढची मॅच मुलांची म्हणून लवकर येऊन जागा धरून बसलेले चार जण. तेही पाठ करून बसायचे.

एका दुपारी आम्ही सरावाला मैदानात शिरलो तेव्हा मुलांच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "म्हशी सुटल्या रं." आमची कॅप्टन थांबली. ती कसबा बावड्याची, घरचा गोठा, दावणीला आठ-दहा म्हशी. तिनं बॉल पायाखाली दाबून धरला आणि शांतपणे विचारलं, "सकाळी दूध कुणाचं पितोस रं? तुझ्या मामाचं?" मग ती आमच्याकडे वळून म्हणाली, "म्हशीच म्हणू देत. आपण झेंड्यावर म्हैसच काढूया की."

कोल्हापुरात म्हशीचा अपमान होऊच शकत नाही, हे मला तेव्हा कळलं. दिवाळीत इथं म्हशी नवरीसारख्या नटतात. शिंगांना रंग, शिंगांच्या टोकाला मोरपिसं, गळ्यात घुंगरं, आणि मालक गाडीवर पुढं सुसाट, म्हैस त्याच्या मागं धावतेय. अशा गावात कुणी म्हैस म्हटलं तर ती शिवी म्हणायची की आशीर्वाद, हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं. आम्ही ठरवून टाकलं.

चित्र ठरलं, रंग ठरेना. आमच्या संघातल्या मुली चार-पाच पेठांतल्या, आणि इथं फुटबॉलचे संघ तालमींचे नाहीतर मंडळांचे, प्रत्येकाचा रंग ठरलेला. निळा-पांढरा म्हटलं की एकीचा चेहरा फुलायचा आणि दुसरी चप्पल पायात घालून उठायची. पिवळा-काळा म्हटलं की गोलकीपर म्हणायची, "माझ्या भावानं बघितलं तर मला घरात घेणार न्हाई." भगवा देवाचा. गुलाबी म्हणजे जोतिबाचा गुलाल, तोही देवाचाच. हिरवा-लाल कुणाचातरी, लाल-पांढरा अजून कुणाचातरी. इंद्रधनुष्य संपलं तरी आम्ही तिथंच. शेवटी मी वैतागून म्हणाले की ज्या रंगाला कुणी हातसुद्धा लावलेला नाही असा एक रंग सांगा. बराच वेळ विचार करून आमची राइट विंग म्हणाली, "वांगी कलर." त्यावर कुणाचंच भांडण नव्हतं, कारण तो कुणालाच नको होता.

मग मी म्हैस काढायला कॅप्टनच्या गोठ्यावर गेले. तिचे वडील, आम्ही सगळ्या त्यांना मामा म्हणायचो, शेणकूर आवरत होते. "या पावणं," म्हणाले आणि हातात तांब्याभर दूध दिलं, जे पिऊन संपवल्याशिवाय पुढं बोलणंच नव्हतं. झेंड्यावर म्हैस काढायची आहे म्हटल्यावर मामांचा नूरच बदलला. त्यांनी गोठ्यातली सगळ्यात देखणी म्हैस सोडून अंगणात आणली, खरारा केला, शिंगांना तेल चोपडलं. शिंगं खांद्याच्या मागंपर्यंत गेलेली, तलवारीसारखी. तिचं नाव मी इथं सांगत नाही, आधीच तिचा भाव फार वाढलेला आहे. दर वर्षी दिवाळीच्या पाडव्याला तिच्या गळ्यात बक्षिसाचा पट्टा पडायचा.

"ह्या बाजूनं काढ," मामा म्हणाले. "उजवीकडनं ती जरा रुसल्यागत दिसती."

मी कागदावर रेघा ओढत होते, मामा माझ्या खांद्यावरून बघत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "झेंडा लावणार कुठं?"

"मॅचला," मी म्हणाले.

"कसली मॅच?"

कॅप्टन बादली घेऊन मागे उभी होती. "माझी," ती म्हणाली.

"हां, हां," मामा म्हणाले, आणि मला म्हणाले, "शेपटीचा गोंडा इसरू नको."

परत जाताना ती मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. तिचे वडील फुटबॉलच्या विरोधात होते असं अजिबात नाही. महागातले बूट त्यांनीच आणून दिले होते, पहाटे सरावाला निघताना ताज्या धारेचं दूध तेच पाजायचे. पण मॅच असायची चार वाजता आणि चार वाजता धार. ती पाडव्याची राणी दुसऱ्या कुणाच्या हाताला दूधच देत नव्हती. त्यामुळे तीन वर्षांत मामांनी लेकीची एकही मॅच बघितलेली नव्हती.

"ही शेवटचीच मॅच हाय," कॅप्टन म्हणाली. आमच्याकडे मुलीसुद्धा 'मी जातो, मी येतो' म्हणतात, तशीच ती पुढं म्हणाली, "परीक्षा झाली की मी कुठं खेळतो परत. एकदा बघितलं असतं त्यांनी तर बरं वाटलं असतं." एवढं बोलून तिनं मला पाठीत धपाटा घातला आणि झेंडा चांगला कर म्हणाली. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगते, त्या म्हशीचा राग आला.

झेंडा शिवला माझ्या घरमालकीण काकींनी. त्या परकर शिवायच्या, त्यामुळे वांगी रंगाचं कापड घरात होतंच. मी एका टेबलावर मावेल एवढा नमुना केला आणि मुलींना दाखवला. "रुमाल हाय काय हा?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "पोरांच्या झेंड्याच्या दुप्पट पायजे." तिसरीनं हात पसरून दाखवलं, आणि तिचे हात पुरेनात म्हणून चौथीनं तिच्या शेजारी उभं राहून आपले पसरले. कोल्हापुरात कुठलीही गोष्ट पुरेशी मोठी आहे असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. काकीसुद्धा, "करायचाच तर भारी करूया," म्हणत तागाच ओढून बसल्या.

पुढची अडचण अशी, की वांगी रंगावर काळी म्हैस दिसेना. मी पांढरी करूया म्हटलं तर कॅप्टन भडकली. "पांढरी म्हैस बघितलीस काय कधी?" मग काळ्या म्हशीला चारी बाजूंनी पिवळी किनार लावली आणि शिंगं पांढरी केली. काळं कापड म्हणून काकींनी एक जुनी छत्री फाडली. छत्रीचं कापड तेल लावलेल्या म्हशीसारखंच चमकतं. पण झेंडा एवढा वाढला होता की एका छत्रीत म्हशीचं तोंडच निघालं, मग मुलींनी घरोघरच्या मोडक्या छत्र्या गोळा करून आणल्या. काठीसाठी काकींनी परकराला घालतात तसा नेफा शिवला, फक्त त्यात नाडीऐवजी मांडववाल्याकडून आणलेला बांबू जायचा. शिंगांच्या टोकांना मी खरी मोरपिसं टाचली. झेंडा गच्चीवर पसरून बघितला तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला. मी त्याचा फोटो स्टेटसला टाकला.

मॅचच्या दिवशी कळलं की आम्ही एक गोष्ट केलीच नव्हती. झेंडा उचलून बघितला नव्हता. खेळणाऱ्या सगळ्या मैदानात, आणि बाहेर आम्ही बाकावरच्या तिघी आणि काकी. बांबू उभा केला की वारा भरायचा आणि झेंडा आम्हाला घेऊन शेंगदाण्याच्या गाड्याकडे निघायचा. एकदा म्हैस सरांच्या अंगावर पडली. पुढच्या मॅचसाठी आलेली मुलं पोट धरून हसत होती. पण या वेळी ती आमच्याकडे तोंड करून बसली होती, हेही मी बघून ठेवलं.

पहिला हाफ संपत आला असताना मैदानाच्या फाटकातून दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल आत आली. मामा होते. माझा स्टेटसचा फोटो गावभर फिरला होता, त्यामुळे ते दूध-कट्ट्यावर दूध घालायला गेले की जो तो विचारायचा, "तुमची म्हैस झेंड्यावर आली म्हणं?" म्हणून ती लांबून कशी दिसते ते बघायला आले होते. "बघतो आन् जातो," गाडीवरूनच मला म्हणाले. "धारंचा टाइम झालाय."

मी मैदानाकडे हात करून म्हणाले, "ती बघा मामा, दहा नंबर."

पण मामा झेंड्याकडे बघत होते, आणि झेंडा आडवा झाला होता. "असं धरत्यात व्हय काठी?" ते म्हणाले आणि गाडी स्टँडला लावून आले. माणूस जोतिबाच्या यात्रेत सासनकाठी नाचवणारा. चार मजली उंच काठी कमरेच्या शेल्यावर तोलायची आणि गर्दीत नाचवायची, त्यापुढे आमचा बांबू म्हणजे काडी. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल कमरेला आवळला, बांबूचा बुडखा त्यात रोवला, आणि एका हिसक्यात म्हैस आभाळात गेली. मोरपिसं थरथरली. मुलांनी हसणं सोडून टाळ्यांवर ठेका धरला, कुणीतरी शेंगदाणेवाल्याचा डबा बडवायला घेतला. मामा नाचवायला लागले.

मैदानावर कॅप्टननं वळून बघितलं. तिला वडील दिसले. ती अशी पळायला लागली की मी तिला तसं पळताना कधी बघितलं नव्हतं. दोघींना चुकवून ती आत शिरली आणि डाव्या पायानं बॉल कोपऱ्यात मारला. गोल. मी घसा बसेपर्यंत ओरडले.

सासनकाठी नाचवणारा माणूस समोर बघत नाही. त्याची नजर काठीच्या टोकावर असते, नाहीतर तोल जातो. मामांची मान वर होती आणि तोल सांभाळता सांभाळता त्यांची पाठ पूर्ण मैदानाकडे झाली होती. कॅप्टन दोन्ही हात वर करून आमच्या बाजूला धावत आली आणि मध्येच थांबली. तिला वडिलांची पाठ दिसली. तिनं हात खाली घेतले, बूट सारखा केल्यासारखं केलं आणि मागे फिरली. एवढ्या हौसेनं केलेला झेंडा मला त्या क्षणी फाडून टाकावासा वाटला.

"काय झालं गं?" मामांनी मान वर ठेवूनच विचारलं. "वरडाया काय लागलाय?"

"गोल झाला, मामा."

"कुणी मारला?"

"तुमच्या लेकीनं."

मामा थांबले. काठी डुलली. त्यांनी वळून मैदानाकडे बघितलं, तिथं बॉल परत मधोमध ठेवून झाला होता. मग त्यांनी कमरेतून बांबू काढला आणि सरळ खाली टाकला. वांगी कापड सगळं गवतावर पसरलं. मुलं ओरडली, झेंडा खाली टाकू नका म्हणाली, मामांनी ऐकलं नाही. खिशातून फोन काढला.

"व्हय, मीच," ते फोनवर घरी सांगत होते. "तू काढ धार... देती का बघ तुझ्या हाताला... न्हाय दिलं तर ऱ्हाऊ दे आजच्या दिवस. मी येत न्हाय."

आणि ते रेषेजवळ जाऊन मांडी घालून बसले, झेंड्याच्याच एका कोपऱ्यावर, म्हशीच्या शेपटीवर. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ती हातानं का धरत नाही, पंच शिट्टी का वाजवतोय, ती दुसरी पोरगी तिला ढकलतेय तर सर गप्प का, असे सगळे प्रश्न त्यांनी मला विचारले. पण त्यांची नजर दहा नंबरावरून हलली नाही.

दुसऱ्या हाफमध्ये कधीतरी ती आमच्या बाजूनं पळत आली. तिनं मान वळवून बघितलं आणि वडील समोर, रेषेवर, तिच्याकडेच बघत बसलेले. पुढं गोल उघडा होता. तिनं अंगातला सगळा जोर काढून बॉल मारला आणि तो गोलच्या पार वरून, भिंतीपलीकडे, रस्त्यावर गेला. मैदानभर हाय हाय झालं. सरांनी कपाळावर हात मारला.

मामा मात्र उठून उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवायला लागले. एकटेच, जोरजोरात. कॅप्टन कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होती आणि हसत होती.

"मामा, गोल झाला न्हाई," मी त्यांचा सदरा ओढून सांगितलं. "बॉल बाहेर गेला."

"गेला तर गेला," मामा टाळ्या न थांबवता म्हणाले. "मी बघितला की."