साहेबांच्या पुस्तकातली आई

गेल्या सहा वर्षांत मी तीनदा निवृत्त झाले, एकदा सरपंच झाले आणि एकदा माझी बायपासही झाली. दुसऱ्यांच्या आठवणी लिहून देणं हे माझं काम. माणूस बोलतो, मी मोबाईलवर रेकॉर्ड करते, राहुरीतल्या माझ्या दोन खोल्यांत बसून ते ऐकते आणि त्याच्या वतीनं ‘मी’ म्हणून लिहिते. पुस्तकावर नाव त्याचं. माझं असलंच तर आभारात, तेही ‘टंकलेखन साहाय्य’ म्हणून. मधल्या काळात मानपत्रं, बियाण्यांची माहितीपत्रकं, शाळेच्या गॅदरिंगची भाषणं. लोक म्हणतात, घरबसल्या बरं आहे की. बरं आहेच. फक्त कधी संध्याकाळी किराणा दुकानात ‘पाव किलो शेंगदाणे द्या’ म्हणताना आवाज फुटत नाही, तेव्हा कळतं की आजचं हे पहिलंच वाक्य.

तासाभराचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला अख्खा दिवस जातो. एकेक वाक्य मागं नेऊन तीन-तीनदा ऐकावं लागतं. मधेच कुणी खोकतं, कुकरची शिट्टी होते, सून विचारते चहा ठेवू का. त्या चहाच्या जागी मीही उठून चहा ठेवते. चार-सहा महिने त्या घराची खडान्‌खडा माहिती मला असते. पुस्तक छापून झालं की फोन थांबतात. धंदाच तसा आहे, वाईट वाटून घेऊ नये, असं मी दर वेळी स्वतःला बजावते आणि दर वेळी वाईट वाटतंच.

दोन वर्षांपूर्वी सोनईच्या एका साहेबांचं काम आलं. साखर कारखान्यातून शेतकी अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. दर मंगळवारी दुपारी मी शेअर जीपनं त्यांच्याकडे जायची. उसाच्या जाती, लागणीचे हंगाम, कुठल्या गटात पाणी कधी आलं, सगळं त्यांना तोंडपाठ. मी ऐकत राहायची. खरं सांगायचं तर त्या मंगळवारची मी आठवडाभर वाट बघायची.

घोडं अडलं ते आईच्या प्रकरणाशी. अशा पुस्तकात लोक दोनच गोष्टी बघतात, फोटोंची पानं आणि आई. बाकीचं पुस्तक कपाटात जातं. त्यामुळे आईचं प्रकरण जमलंच पाहिजे, हा या कामातला पहिला नियम. मी चार मंगळवार खोदून खोदून विचारलं. साहेब विषय उसावर न्यायचे.

शेवटी म्हणाले, “मी आठ वर्साचा असताना गेली हो ती. चुलीपुढं बसलेली पाठ तेवढी आठवती. तोंड न्हाई आठवत. फोटू बी न्हाई.”

“काही बोललेलं? एखादा प्रसंग?”

“न्हाई. मला बोर्डिंगात घालायला नगरला घेऊन गेल्ती म्हनं. त्येच साली वारली. तुमीच घाला मॅडम काहीतरी. तुमाला जमतंय.”

मी घरी आले. पाठीवर किती लिहिणार? दोन दिवस कागद कोरा राहिला. तिसऱ्या दिवशी मी लिहायला बसले आणि एका बैठकीत पाच पानं झाली. वाचून पाहिलं तर त्यात माझी आई येऊन बसली होती.

माझी आई भंडारदऱ्याकडची, अकोले तालुक्यातल्या डोंगरातली. एस.टी.त चढताना ती पायरीपाशी चपला काढायची, एकमेकींवर आपटून माती झाडायची आणि पिशवीत घालून ती पिशवी मांडीवर घ्यायची. ‘लोकांच्या बसायच्या जागंत चपला घालून कशाला जायचं’ हे तिचं म्हणणं. मी दहावी झाले तेव्हा कॉलेजात नाव घालायला ती मला नगरला घेऊन निघाली होती, तेव्हाही तिनं तेच केलं. साहेबांच्या पुस्तकात मी लिहिलं की आईनं चपला काढल्या, लोक हसले, तेव्हा त्या आठ वर्षांच्या पोरानंही चपला काढल्या आणि नगरपर्यंत तो आईला बिलगून बसला. पहिला अर्धा भाग माझा होता. दुसरा मी रचलेला. माझ्या वेळी तसं घडलं नव्हतं. काय घडलं होतं ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, आणि आई जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

मी ती पानं साहेबांना वाचून दाखवली. ते बराच वेळ डोळे पुसत राहिले. “व्हय,” ते म्हणाले. “अशीच हुती.”

मला त्याच क्षणी ती पानं परत हवीशी वाटली. वाटलं, प्रूफं येऊ देत, तेव्हा काढून टाकू. अख्खी पुस्तकं दुसऱ्यांच्या नावावर उचलून देणारी मी, पाच पानांसाठी माझा जीव खालीवर होत होता. प्रूफं आली तेव्हा मी ते प्रकरण बदललं, चूल आणि पाठ यांवर दोन नीटनेटकी पानं लिहिली. साहेब एरवी प्रूफ वाचत नसत. त्या दिवशी त्यांनी चष्मा पुसून सगळं वाचलं.

“चपलांचं कुटं गेलं?”

“जरा लांबत होतं, म्हणून काढलं.”

“दुसरं काय बी काढा. ते ऱ्हाऊ द्या.”

ते राहिलं. मी भांडले नाही. काय म्हणून भांडणार? आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर बीळ मीच खणून दिलं होतं.

प्रकाशन सोनईतल्याच एका मंगल कार्यालयात झालं. शाल, श्रीफळ, फेटे, आठ भाषणं. मी बायकांच्या बाजूला पाचव्या रांगेत. शेवटी साहेब उठले. कारखान्याबद्दल ते दोन मिनिटं बोलले आणि मग एस.टी.वर आले. कागद हातात नव्हता. आईच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि तो तारेनं बांधलेला होता, असं त्यांनी सांगितलं. ती तार मी लिहिलेली नव्हती. ती पायाला टोचायची म्हणून आई त्या पायानं जरा लंगडायची, असंही ते म्हणाले. माझ्या शेजारची बाई पदर तोंडाला लावून रडत होती. तिनं मला विचारलं, “तुमी पावन्यातल्या का?” मी नाही म्हटलं.

घरी येऊन मी आईच्या चपला आठवायला लागले आणि मला तार दिसली. डोळे मिटले की तारच. माझ्या आईच्या चपलेला तार नव्हती. बहुतेक नव्हती. आई लंगडत नव्हती हे तर मला ठाऊक आहे, पण डोळ्यांपुढे येताना ती लंगडतच यायला लागली. मी घाबरले. माझ्याकडे तिचे फोटो आहेत, पण चालतानाचा एकही नाही. विचारायला भाऊ नाही, बहीण नाही. त्या दिवशी बसमध्ये आमच्याबरोबर जे होते त्यांच्यापैकी कुणाला मी आता ओळखणारही नाही. माझी आई कशी चालायची हे सांगू शकेल असं या जगात माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि माझाच भरवसा उरला नव्हता. इतकं एकटं मला ती गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी त्यांचे जुने फोटो परत करायच्या निमित्तानं मी सोनईला गेले. साहेब ओसरीवर एकटेच होते. मी फोटोंचं पाकीट ठेवलं आणि न बसताच म्हटलं, “साहेब, ती चपलांची बाई तुमची आई नाही. ती माझी आई आहे.”

ते रागावले नाहीत. समोरची खुर्ची त्यांनी पुढं सरकवली. “बसा. मग खरं कसं झालं हुतं?”

मी सांगितलं. बसमध्ये माझ्या वर्गातल्या दोन मुली होत्या, त्याही कॉलेजला निघालेल्या. आईनं पायरीपाशी चपला काढलेल्या पाहून त्या फिसकन हसल्या. मी पुढं होऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले. आई पिशवी मांडीवर घेऊन मागं बसली. कंडक्टर तिकीट फाडत आला. त्यानं मला विचारलं, ती मागची चपलावाली बाई तुझ्याबरोबर आहे का. मी खिडकीबाहेर बघत राहिले. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. तेव्हा मागून आईच बोलली. “न्हाई ओ. मी एकलीच हाय.”

आतून सुनेनं चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. मग साहेब हळूच म्हणाले, “पुस्तकातली मला ऱ्हाऊ द्या मॅडम. माज्याकडं दुसरी न्हाई.”

मी राहू द्या म्हटलं. काय करणार होते मी? ती त्यांच्याकडे बरी आहे. तिथं तिचं पोर तिला बिलगून बसतं आणि दोघं मिळून नगरला पोचतात. माझ्याकडची आई अजून मागच्या बाकावर आहे, आणि कंडक्टर विचारायच्या आधी उठून तिच्याजवळ जाऊन बसणं मला लिहूनही जमत नाही.