मामांचं यॉर्कशायरमधलं जेवण

इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या खेड्यापाड्यांत कुठं काय उत्तम खायला मिळतं, हे जगात फक्त दोघांना ठाऊक आहे. एक परमेश्वर आणि दुसरे माझ्या बायकोचे मामा. त्यातही परमेश्वरानं टेबल बुक करण्यापूर्वी मामांना एक फोन करावा, असं मला वाटतं. मामा मूळचे नाशिकचे, पण उभं आयुष्य दोहात एका गॅस कंपनीत पाइपांची तपासणी करण्यात गेलं. यॉर्कशायरला ते कधी गेलेच नव्हते. शिवाय मामा कट्टर शाकाहारी. तरीही, कुठल्या जुन्या पाणचक्कीतल्या रेस्टॉरंटात कोकराचं मांस कितपत गुलाबी ठेवतात, हे ते डोळे मिटून इतकं तन्मयतेनं सांगत की मामी आतून ओरडायच्या, "अहो, देवासमोर बसून नका ना बोलू!"

हे ज्ञान त्यांनी व्हिडिओ पाहून मिळवलं होतं आणि ते वाटताना त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. लंडनला ऑपरेशनसाठी निघालेल्या एका गृहस्थांना त्यांनी निक्षून सांगितलं होतं, "टाके सुकले की तडक उत्तरेला सुटा. लंडनमध्ये काही खाऊ नका." त्यांच्या ऑफिसातला एक इंग्रज साहेब नेमका यॉर्कशायरचाच निघाला. त्याच्याच गावातल्या रेस्टॉरंटची वाट मामांनी त्याला नकाशा काढून समजावली. साहेब म्हणाला, मी तिथं कधी गेलो नाही, मला तळलेला मासा आणि बटाटे पुरतात. तेव्हापासून मामा त्या साहेबाकडे जरा करुणेनंच बघायचे. आम्हीही दोहातच. मामांना द पर्ल या हॉटेलांनी गजबजलेल्या बेटावर फिरायला नेलं तर प्रत्येक हॉटेलाच्या दाराशी उभे राहून मेनू वाचायचे, वेटरला बारीकसारीक प्रश्न विचारून घाम फोडायचे आणि घरी येऊन मुगाची खिचडी खायचे. त्यांच्या अल दुहैलच्या घरी जेवायला बोलावणं आलं की मामी घरी आहेत ना, हे आम्ही आधी विचारून घ्यायचो. भल्यामोठ्या पांढऱ्या बशीत मधोमध चतकोर थालीपीठ, त्यावर लोण्याचा थेंब आणि काठाला चटणीचा एक फराटा. "आता थालीपीठाशी दोन मिनिटं बोला," असं मामा म्हणायचे. आमचं बोलणं उरकेपर्यंत मामी मुकाट्यानं आमटीभाताची पातेली आणून ठेवायच्या, म्हणून आम्ही जगलो.

तर असे मामा गेल्या वर्षी निवृत्त व्हायला आले. नोकरी संपली की कतारची रेसिडेन्सी संपणार आणि बिऱ्हाड नाशिकला जाणार. एकदा का नाशिकला गेलो की गुडघे आणि भाऊबंद मिळून आपल्याला कुठंही हलू देणार नाहीत, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आता नाही तर कधीच नाही. म्हणून त्यांनी त्या पाणचक्कीतलं टेबल दोन महिने आधी बुक केलं, शाकाहाराबद्दल लांबलचक ईमेल लिहिली आणि मामींना घेऊन ते निघाले.

त्या दिवशी मी इकडे दोहात जेवायला बसणार एवढ्यात मामींचा फोन आला. "जावईबापू, घात झाला! आज संकष्टी निघाली!"

बुकिंग करताना मामांनी हवामान पाहिलं, गाड्यांच्या वेळा पाहिल्या, पंचांग तेवढं पाहिलं नाही. टेबलाशी बसून नॅपकिन मांडीवर घेतला, आणि नाशिकच्या बहिणीनं पाठवलेला संकष्टीचा गणपती फोनवर उमटला. जन्मात एक चतुर्थी न मोडलेला माणूस! पोटात जागा राहावी म्हणून सकाळपासून नुसत्या चहावर होते, त्यामुळे उपास आपोआप घडलाच होता. प्रश्न फक्त चंद्राचा होता. तिथला चंद्र उगवायला अजून तास होता, आणि आभाळ असं भरलेलं की उगवूनही दिसला नसता. त्या हॉटेलात सगळ्या टेबलांना एकदमच वाढायला सुरुवात करतात, मागून कुणाला मिळत नाही. वाढणाऱ्या मुलीनं "चतुर्थी" हा शब्द ॲलर्जीच्या रकान्यात लिहून घेतला आणि ती स्वयंपाकघरात विचारायला गेली. हातातोंडाशी आलेला घास जाणार, म्हणून मामींचा आवाज रडवेला झाला होता.

मग मामाच फोनवर आले. "जावईबापू, मी रहिवासी कुठला?"

"कतारचे, मामा. अजून महिनाभर."

"खलास! मग मला चंद्रही कतारचाच लागू. दाखवा."

मी बनियनवरच गच्चीत धावलो. शेजारच्या कंपाउंडच्या पाण्याच्या टाकीमागून धुळीनं तांबूस झालेला चंद्र नुकता वर येत होता. मी फोन उंच धरला. पलीकडे मामा, मामी, ती मुलगी, पांढऱ्या टोपीतला आचारी आणि शेजारच्या टेबलावरच्या एक इंग्रज आजी असे सगळे डोकी जुळवून दोहाचा चंद्र बघत होते. मामांनी बुडबुड्यांच्या पाण्यानं बशीत अर्घ्य दिलं, हात जोडले आणि आचाऱ्याला सवयीनं अरबीतच म्हणाले, "यल्ला! चला, येऊ द्या!" पहिली बशी आल्यावर त्यांनी तिच्याभोवती पाणी फिरवलं. ते पाहून आजींनीही फिरवलं म्हणे.

परत आल्यावर काय काय खाल्लं हे ऐकायला आम्ही जमलो, तर मामा एवढंच म्हणाले, "ठीक होतं. मामीची आमटी उजवी." मग महिनाभरात सामान बांधलं गेलं, रेसिडेन्सी रद्द झाली आणि ते गेले. मला इतकं रिकामं वाटेल असं वाटलं नव्हतं.

नाशिकच्या पहिल्याच संकष्टीला मामींचा फोन आला. "इकडे चंद्र कधीचा वर आलाय. पानं घेऊन बसलेय, आणि हे उपाशी! म्हणतात, दोहाचा उगवू दे. समजवा तुम्ही!"

दोहाला चंद्र तासाभरानं उगवणार होता, आणि ते मामांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी गच्चीत गेलो. टाकीमागे नुसता अंधार होता.

"उगवला, मामा," मी म्हणालो. "जेवून घ्या."

मामा "दाखवा" म्हणाले नाहीत. अरबीत आभार मानले, "शुक्रन, जावईबापू," आणि मला ताटावर पळी वाजल्याचा आवाज ऐकू आला. मी मात्र तो खरोखर उगवेपर्यंत जेवलो नाही.