दातानं पारखलेली बेस गिटार

नागपुरात गिटार विकत घेणारे पुष्कळ असतील, पण गिटार चावून विकत घेणारा माणूस आजवर एकच झाला आणि तो माझा साडभाऊ आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नागपूरच्या वाडी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात ते एकतीस वर्षं सुपरवायझर होते. मी वर्तमानपत्रात उपसंपादक असल्यानं अतिशयोक्ती कापणं हे माझं रोजचं काम आहे. साडभाऊंच्या बाबतीत ती कापायला गेलं की माणूसच शिल्लक राहत नाही, म्हणून जे घडलं ते तसंच देतो आहे.

एकतीस वर्षं ट्रकचे हॉर्न दोन हातांवरून ऐकल्यामुळे त्यांचे कान गेले, पण पूर्ण गेले नाहीत. उंच, बारीक आवाज गेले आणि जाड, खालचे राहिले. दाराची बेल, मोबाइल, नातवंडांचं रडणं यांपैकी त्यांना काही ऐकू येत नाही. पण घरात आरामखुर्चीत बसून ते बाहेरच्या रस्त्यावरचा ट्रक सांगतात. "दहा चाकी आहे. सिमेंट भरलं आहे. मागच्या डाव्या चाकात हवा कमी." एकदा मी मुद्दाम खाली उतरून पाहिलं. ट्रक दहा चाकी होता आणि त्यात सिमेंट होतं; हवेतलं मला समजत नाही. मी वर आलो तेव्हा त्यांच्या शेजारीच गॅसवर कुकर होता, त्याच्या अकरा शिट्ट्या होऊन गेल्या होत्या, वरणाचा कोळसा झाला होता आणि साडभाऊ शांतपणे पेपर वाचत होते.

वरणाचं दुःख कोणी फारसं केलं नाही. दुःख ताईंच्या आवाजाचं होतं. ताई म्हणजे त्यांची बायको, विहारातल्या महिला गायन पथकाच्या मुख्य गायिका. भीमगीतांच्या कार्यक्रमात माइक बंद पडला तरी ताईंचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जातो, अशी त्यांची ख्याती. आवाज उंच आणि धारदार, म्हणजे नेमका साडभाऊंच्या कानातून गेलेल्या जातीचा. "तिचे ओठ हालतात, बाकी काईच नाही. टीव्ही म्यूट केल्यावानी," असं ते मला एकदा स्कूटरवर मागे बसून म्हणाले. समोर बसून ते हे बोलले नसते.

हैदराबादच्या मुलीनं कानाच्या मशीनसाठी पंधरा हजार पाठवले. मशीन आठ दिवसांच्या बोलीवर घरी आलं. त्यातून पंखा ऐकू आला, मिक्सर ऐकू आला, शेजारचं भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू आलं. मग ताई गायल्या. साडभाऊंनी कडव्याच्या मध्येच मशीन काढून टेबलावर ठेवलं. "डब्यात कोंबडी कोंडल्यासारखी वाजून राहिली तू," ते म्हणाले. ताई दोन दिवस बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं. मशीन परत गेलं, पैसे परत आले.

त्याआधीपासून साडभाऊ पथकाच्या प्रत्येक तालमीला जात. बेस गिटारच्या स्पीकरला खेटून बसत आणि त्याच्यावर तळहात ठेवत. बेस म्हणजे चार जाड तारांची, गाण्याखालून घुमणारी गिटार. त्या हॉलमध्ये त्यांना ऐकू येणारी ती एकच वस्तू होती. "गाणं नाही समजत, पण गाण्याची जमीन समजते," असं ते म्हणत. ती वाजवणारे बँकेतले गृहस्थ भले होते. चहाच्या सुट्टीत त्यांनी साडभाऊंना हळूहळू वाजवायला शिकवलं. मग त्यांची अकोल्याला बदली झाली आणि त्यांच्याबरोबर गिटारही अकोल्याला गेली. पथकप्रमुख बाईंनी सांगितलं की यापुढे बेसचं काम कीबोर्डवाला डाव्या हातानं करील. शिवाय हॉल लहान आहे, म्हणून तालमीला फक्त वाजवणारे आणि गाणारे येतील. म्हणजे साडभाऊ हॉलबाहेर. ते उठून उभे राहिले. "बेस मी वाजवतो."

"आणि गिटार?"

"आणतो."

भीमजयंतीला पाच आठवडे होते.

खरेदीला त्यांनी मला सोबत घेतलं. "पेपरवाला संग असला का दुकानदार खरं बोलते," असा त्यांचा समज आहे. माझा अनुभव उलट आहे, पण मी गेलो. पंधरा हजारांत बेस गिटार घेणाऱ्यानं काय पाहावं याबद्दल धरमपेठेतल्या दुकानदाराची ठरलेली मतं होती. साडभाऊंची त्याहून पक्की होती, कारण त्यांच्या दृष्टीनं गिटार हा ट्रकमधून उतरलेला माल होता. आधी ते ती दोन्ही हातांवर तोलून वजन सांगत. मग एक डोळा मिटून गळ्याच्या टोकापासून खालपर्यंत पाहत. याला ते चेसिस बघणं म्हणत. दुकानदारानं पाच तारांची गिटार दाखवली, तर म्हणाले, "चार पुरतात. पाचवी कायले, स्टेपनी म्हणून?" बॅटरीवर चालणारी दाखवली, तर म्हणाले, "टॉर्च घ्याले नाही आलो मी."

आणि मग त्यांनी खिशातून धुतलेला रुमाल काढला, गिटारच्या वरच्या शिंगावर, म्हणजे गळ्याशेजारच्या टोकावर, पसरला आणि त्यावर दात रोवले.

यामागे शास्त्र आहे. गोदामात ट्रक कुरकुरायला लागला की साडभाऊ लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक चालू इंजिनाला लावत आणि मूठ दातांत धरत. बिघाड कुठे आहे ते हाडातून डोक्यात येई. ड्रायव्हर लोक मिस्त्रीआधी त्यांच्याकडे येत. दुकानदाराला हा पूर्वेतिहास माहीत नव्हता.

"काका! काका, काय करून राहिले?"

"ऐकून राहिलो."

"अहो, कान तिकडे आहे ना!"

"तिकडचं दुकान बंद आहे. तुमी वाजवा."

दुकानदारानं घाबरत तार छेडली. साडभाऊ डोळे मिटून थांबले, मग तोंड सोडवून म्हणाले, "पोकळ. आत प्लाय लावली आहे." दुकानदारानं ती परत टांगून दुसरी काढली. त्या दिवशी सात गिटारी चावून झाल्या. एकीचं लाकूड ओलं निघालं, एकीचा स्क्रू सैल, एक "चांगली आहे, पण लबाड आहे". शेजारी एक सभ्य गृहस्थ मुलीसाठी युकुलेली ही छोटी गिटार घ्यायला आले होते. ते बराच वेळ हे पाहत होते. निघता निघता मला दिसलं की त्यांनीही खिशातून रुमाल काढला होता.

मग मोबाइलवर नरखेड तालुक्यातल्या एका गावची जाहिरात सापडली. जुनी बेस गिटार, निम्म्या किमतीत. आम्ही एसटीनं गेलो. मालक संत्र्याचे बागायतदार. पुतण्यासाठी घेतलेली गिटार त्यांनी विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत खिळ्याला टांगली होती. साडभाऊंनी एक डोळा मिटला आणि म्हणाले, "हे तर केळं आहे."

"ऊन लागलं थोडं. होते सरळ," मालक म्हणाले.

इतक्या लांब आलोच आहोत म्हणून साडभाऊंनी ती खिळ्यावरून न काढताच चावली. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, "गिटारचं जाऊ द्या. भिंतीतून तुमची मोटर ऐकू येऊन राहिली. बेअरिंग गेली तिची." मालकानं गावातला मिस्त्री बोलावला, मोटर उघडली. बेअरिंग गेली होती. त्यानंतर आम्हाला जेवू घातलं, आणि जेवणानंतर शेजारच्या दोन विहिरींवर नेलं. दोन्हीकडच्या मोटरी साडभाऊंनी पेचकसानं तपासल्या. दिवस मावळायच्या आत आम्ही संत्र्यांच्या दोन पेट्या घेऊन परत निघालो. गिटार नव्हती, आणि जयंती तीन आठवड्यांवर आली होती. बसमध्ये साडभाऊ पेट्यांवर हात ठेवून बसले होते. काटोल गेल्यावर म्हणाले, "हॉलच्या बाहेर उभं राहून काय करू गा मी?" मी एक संत्रं सोलून त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा धरमपेठेत गेलो. दुकानदारानं हार मानून आतल्या खोलीतली शेवटची गिटार बाहेर आणली. जांभळी होती. चार वर्षं कोणी हात लावला नव्हता. साडभाऊ रुमाल विसरले होते. त्यांनी तशीच चावली, आणि सोडेचनात. दुकानदारानं चारही तारा दोनदा वाजवल्या. शेवटी साडभाऊ म्हणाले, "हेच."

"काका, खरं सांगतो, हा रंग कोणाले आवडत नाही."

"मले रंग ऐकू येत नाही."

दातांचे दोन ठसे उमटल्यावर ती दुसऱ्या कोणाला विकता येणार नव्हती, त्यामुळे दुकानदारानं भाव उतरवला आणि वर खांद्याचा पट्टा फुकट दिला. घरी ताई दारातच उभ्या होत्या.

"अवो, मशीनच्या पैशात हे आणलं?"

"हे बी मशीनच आहे वं."

"आता पोरीले काय सांगू मी?"

"सांग, बाबाच्या कानात मावत नाही."

जयंतीच्या संध्याकाळी मी समोर बसलो होतो. साडभाऊ पांढऱ्या शर्टात, जांभळी गिटार मांडीवर घेऊन, ताईंच्या उजव्या पायाकडे पाहत ठेका धरत होते. सूर मोजके होते, पण जागेवर होते. दुसरं गाणं संपल्याचं त्यांना कळलं नाही, ते चार मात्रा पुढे गेले. लोकांना ती खुबी वाटली आणि टाळ्या पडल्या. चुकल्यासारखं काही वाटलं असेल तर ते ताईंच्या गाण्यात. आवाज तोच होता, पण धार नव्हती. तो खालून, जड येत होता. माझ्यामागे कोणी तरी म्हणालं, "ताईंचा आवाज बसला आता. वय झालं." शेवटच्या रांगेतली माणसं पुढे सरकून बसली होती.

कार्यक्रमानंतर पथकातल्या पेटीवाल्यांना ताईंच्या आवाजाचं विचारलं. ते वैतागलेले होते. "तीन आठवडे झाले. काळी चारच्या पट्टीत गाणारी बाई काळी दोनवर उतरली. घसा धरते म्हणे. अख्खं पथक खाली आणलं तिनं."

मी ताईंना गाठलं आणि औषधाचं विचारलं.

"घशाले काई नाही झालं भाऊ," त्या म्हणाल्या. स्टेजवर साडभाऊ वायर गुंडाळत होते, त्यांच्याकडे पाहत त्या बोलत होत्या. "गिटार आणली त्या दिवशी तालमीत चुकून गाणं खालच्या सुरात उचललं मी. तर यांनी मान वर केली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मंग तिथंच राहिली."

"लोक म्हणून राहिले, आवाज गेला."

"आयकलं मी. म्हणू दे."

तेवढ्यात साडभाऊ गिटार खांद्याला लावून आले. चेहरा घामानं डबडबलेला आणि अतिशय प्रसन्न.

"पाहिलं का गा भाऊ? माल पारखून घेतला का असा फरक पडते. हे वाजवायले लागलो तवापासून हिचा आवाज बी येते मले. लाकडाचा गुण आहे सारा."

ताई माझ्याकडे पाहत होत्या.

"हो भाऊजी," मी म्हणालो, "लाकूड फार चांगलं आहे."