हवालदार बारकूचं शेवटचं पान

शहापूरच्या बाजारात रामूकाकांचं दोन खुर्च्यांचं सलून आहे. सासऱ्यांना दाढीसाठी मीच तिथे नेते आणि बाकावर बसते. बाकाखाली जुन्या फौजी कॉमिक्सचा गठ्ठा असतो. त्यांतला नायक मेजर, पण गिऱ्हाइकं पानं उलटतात ती हवालदार बारकूसाठी. पोट सुटलेला, जळवांना घाबरणारा, पाठीला किटली बांधून रांगेत सगळ्यांच्या मागून चालणारा बारकू.

"मेजर काय, कुणी पन होईल," काका म्हणतात. "मागं ऱ्हायला कोन तयार हाय, वैनी?"

शेवटच्या अंकात जखमी शिपायाला आणायला बारकू एकटाच खिंडीत परत जातो. पुढचं, शेवटचं पान फाटलेलं आहे. त्याबद्दल कुणी विचारलं की काका कात्री शोधायला लागतात.

मागच्या आठवड्यात वैशाखऱ्याचा पोरगा आदेश दाढीला आला. शाळेत असताना याच बाकावर बारकू वाचून वाचून तो फौजेत गेलेला. सुट्टी संपली होती, दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. गालांना फेस लागल्यावर म्हणाला, "काका, आज तरी सांगा. बारकू खिंडीतून परत आला का नाय?"

काकांचा वस्तरा थांबला.

"मला नाय ठाव रे. ते पान मीच फाडलं. सणाची गर्दी होती, वस्तऱ्याचा फेस पुसाया कागद संपला, हाताला लागलं ते घेतलं. वाचलं पन नाय."

आदेश आरशातून त्यांच्याकडे बघत म्हणाला, "आन मी समजत होतो, तो मेला. मला वाईट वाटंल म्हनून तुमी पान लपवलंत. ट्रेनिंगला निघालो तवा पन डोक्यात तेच."

"इतकी वर्सं?"

"मंग? तुमी कधी बोललाच नाय."

शेजारच्या खुर्चीतून सासरे म्हणाले, "अरे, आला असंल! किटली त्याच्याकडं. बाकीच्यांनी चहा काय मेजरच्या टोपीत करायचा?"

आदेश एवढा हसला की फेस शर्टावर सांडला. काका हसले नाहीत. त्यांनी आदेशची दाढी उरकली. तो उठल्यावर त्याची कॉलर उगाच झटकत म्हणाले, "तू मात्र ये रे. दाढी हितंच करायची."

"येतो ना, काका."

परवा सासऱ्यांना घेऊन गेले, तर काका वस्तऱ्याचा फेस स्वतःच्या मनगटावर पुसत होते. कापलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे शेजारीच होते.

"कागद घे की," सासरे म्हणाले.

"नको, भाऊ," काका म्हणाले, आणि मनगट नळाखाली धरलं.