नव्या नियमांतली म्हातारी

रविवारी दुपारी चार बाप्ये फासे घेऊन बसतात म्हटल्यावर दौंडच्या रेल्वे कॉलनीत लोकांना एकच अर्थ ठाऊक. शेजारच्या आप्पांनी मला एकदा जिन्यात गाठून विचारलं, "काय लावता रं? पैशे का?" मी म्हटलं, आप्पा, पैसे न्हाई लावत, गोष्ट सांगतो. त्यांचा काडीचा विश्वास बसला नाही. मलाही लोकांना समजावून सांगायचा मुळातच कंटाळा, तेव्हा मी पुढं त्या भानगडीत पडलो नाही.

इथं मात्र सांगणं भाग आहे. खेळ असा, की एकानं गोष्ट चालवायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. मी म्हणणार, पुढं नदी आहे, पूल मोडलाय, पलीकडच्या झाडीत काहीतरी हललं. मग ज्यानं त्यानं आपलं माणूस काय करतं ते बोलायचं आणि ते जमलं की फसलं ते फासा सांगणार. जिंकणं-हरणं नाही. तेच माणूस वर्षानुवर्षं चालवायचं, एवढंच.

गोष्ट चालवणारा मी. कुरकुंभला औषधाच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी. खेळणारे तिघं. एकाचं बाजारात शिलाई मशिन दुरुस्तीचं दुकान, दुसरा शिरूरहून एसटीनं येणारा शाळामास्तर आणि तिसरा रेल्वेत डबे दुरुस्त करणारा. बसायचो त्याच्याच क्वार्टरमध्ये, कारण त्याला आईला एकटं टाकून बाहेर पडता येत नसे.

ही आई पूर्वी स्टेशनबाहेर भाजी विकायची. तिच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. कोथिंबिरीच्या जुडीला हात लावून भाव न विचारता पुढं जाणाऱ्याचा ती जो उद्धार करायची तो अख्ख्या स्टॅंडवर ऐकू जायचा. मग झटका आला. एक बाजू गेली आणि वाचाही गेली. समजत सगळं होतं, शब्द तेवढा फुटत नव्हता.

तिच्या लेकानं, म्हणजे या रेल्वेतल्या मित्रानं, खेळात जे माणूस घेतलं होतं ती एक झाडपाल्याची औषधं देणारी म्हातारी. ठरवून केलं नसावं, पण पहिल्याच दिवशी मशिनवाल्याचा खेळातला शिपाई जखमी होऊन तिच्याकडं आला, तर याच्या तोंडून निघालं, "आला का मुडदा पुन्यांदा हात तोडून? आरं, तुला काय आयनं रानात टाकला व्हता का?" हुबेहूब आईचा आवाज. आम्ही चपापलो. आणि कॉटवरून खुसखुस ऐकू आली. आई हसत होती, अर्ध्या तोंडानं, खांदा हलवत.

त्यानंतर तो खेळ खरं तर तिच्यासाठीच चालायचा. मित्र मला एकदा म्हणाला, "आठवडाभर आय निस्ती छताकडं बघत पडती. रविवारी तेवढी मानसात येती." म्हातारी नीट चालली पाहिजे, एवढंच त्याचं मागणं होतं आणि मी ते जपत आलो होतो.

मग मास्तरांनी इंटरनेटवर वाचलं की ज्या परदेशी कंपनीचा हा खेळ, ती नवी आवृत्ती काढतेय आणि छापायच्या आधी ती खेळून बघायला जगभरचे गट हवेत. त्यांनी परस्पर आमची नोंद केली आणि आम्हाला चक्क घेतलं. अंगावर मूठभर मांस चढलं. मशिनवाला तर गिऱ्हाइकांना सांगत सुटला की परदेशचं काम आलंय म्हणून. अट एकच होती. लिहिलंय तसंच खेळायचं, पदरचं काही घालायचं नाही, आणि कुठं अडतंय ते कळवायचं.

ही अट वाचून मला बरं वाटलं. दिवसभर माझं कामच ते. कागदावर दहा थेंब म्हटलं की अकरावा नाही, मग बाप समोर येऊन उभा राहिला तरी.

त्या रविवारी मोडक्या पुलाखाली एका जनावरानं म्हातारीवर झेप घातली. नव्या नियमात मरणाच्या दारातल्या माणसाला एकच फासा होता. मित्रानं टाकला. दोन पडले. म्हणजे म्हातारी गेली. मग मित्रच म्हणाला, "चला, हाक मारू."

हाक म्हणजे आमच्या जुन्या नियमातली शेवटची सोय. बाकीच्या सगळ्यांनी एकदम त्या माणसाला हाक मारायची आणि प्रत्येकानं आपली थोडी ताकद द्यायची, की गेलेलं माणूस परत यायचं. मी पानं चाळली. नव्या नियमात हाक नव्हती.

"न्हाई मारता येत," मी म्हणालो. "त्यांनी काढून टाकलीय."

"आसं कसं काढत्यात?" मशिनवाला तापला. "लिव्ह त्यांना. येडी हायेत का?"

मी लिहिलं. अगदी कडक लिहिलं, की इतका चांगला नियम तुम्ही का काढलात, आमचं एक माणूस त्यापायी अडकून पडलंय. तोवर खेळ थांबवला. मित्रानं आईला सांगितलं, म्हातारी आजारी हाय, बरी व्हईल.

उत्तर आलं. फार सभ्य होतं. असा नियम आमच्या कुठल्याच आवृत्तीत कधी नव्हता, पण कल्पना आवडली, आता मात्र पुस्तक छपाईला गेलंय.

मग मास्तरांना आठवलं. पुण्याहून आणलेल्या आमच्या नियमांच्या जुन्या झेरॉक्समध्ये मरणाबद्दलची पानं आलीच नव्हती. तिथं काय असेल ते आम्हीच बसून ठरवलं होतं. मित्राचं घराणं मूळचं मेंढरामागं फिरणारं. तो तेव्हा म्हणाला होता, "आमच्यात रानात मानूस चुकला की समद्यांनी मिळून हाक मारत्यात. येकट्याची हाक कुठनं आली त्ये कळत न्हाई." तेच आम्ही लिहून टाकलं आणि इतक्या वर्षांत ते आपलं आहे हेच विसरून गेलो.

"मग प्रश्नच मिटला," मी म्हणालो. "कंपनी गेली खड्ड्यात. आपला नियम, आपण मारू हाक."

मित्रानं मान हलवली. "तवा वाटायचं, खरंच बुकात लिवलंय. ती आपसूक परत यायची. आता तुमी माज्यावर उपकार करून आननार."

त्याचं म्हणणं मला कळत होतं. तरी आम्ही त्याच्या मागंच लागलो. आईसाठी म्हणून तो तयार झाला. पुढच्या रविवारी आम्ही तिघांनी हाक मारली, मोठ्यानं, लाज सोडून. मी जाहीर केलं की म्हातारीनं डोळे उघडले.

मित्रानं घसा खाकरला. कॉटकडं बघितलं नाही. "काय रं मुडद्यांनो," तो म्हणाला, "झोपू बी देत न्हाई का म्हातारीला?"

शब्द तेच होते. आवाजही तोच असावा. आम्ही तिघं एकदम हसलो, फार लवकर आणि फार जोरात.

आई हसली नाही. ती आमच्याकडं एकेक करून बघत राहिली, मग लेकाकडं बघितलं आणि चांगला हात उचलून त्याला खुणेनं सांगितलं, की राहू दे आता.