पाचवं पान

दामलेबाईंनी मला पहिल्यांदा ‘सर’ म्हटलं तेव्हा हातातली चहाची बशी खाली पडायचीच बाकी होती. डोंबिवलीच्या कॉलेजात ज्यांच्या तासाला आम्ही खोकलासुद्धा दाबून धरायचो, त्या बाई एका रविवारी ठाण्यात कोपरीच्या माझ्या दोन खोल्यांच्या दारात उभ्या होत्या. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आत आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, “सर, मला स्टॅटिस्टिक्स शिकवाल का? पहिल्यापासून. मला काहीच येत नाही असं समजा.”

समजायचं कसं? हा विषय मला त्यांनीच शिकवला होता, आणि त्याच्या जोरावर मी ठाण्यात लेक्चरर झालो होतो. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा बाईंनी नोकरी सोडली, त्याला पंधरा-सोळा वर्षं होऊन गेली होती. आता यजमानांची कंपनी बंद पडली होती, मुलगी बारावीत होती आणि कल्याणच्या एका कॉलेजात जागा निघाली होती. मुलाखतीत पाठ घेऊन दाखवायचा होता. सगळं घर त्या पाठाकडे डोळे लावून बसलं होतं.

मला वाटलं, थोडी उजळणी केली की झालं. मी घरातल्या फळ्यावर पाच आकडे लिहिले आणि प्रमाण विचलन काढायला सांगितलं. लग्नात भेटलेल्या नातेवाइकाचं नाव आठवू नये तशा त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. खडू फळ्याला लागलाच नाही. त्या मात्र शांत होत्या. “भांडं रिकामं झालंय ना, मग आधी घासून घेऊ,” म्हणाल्या. हे वाक्य पुढे मी दर रविवारी ऐकलं. आम्ही सरासरीपासून सुरुवात केली.

पुस्तक उघडं असेपर्यंत मी ‘सर’ आणि ‘तुम्ही’. मी खडू घ्यायला उठलो की त्याही विद्यार्थिनीसारख्या उठून उभ्या राहायच्या. माझी आई लाजेने स्वयंपाकघरात जाऊन बसायची. पुस्तक मिटलं की लगेच, “अरे विनय, केस काप रे, किती वाढलेत!”

पाच जणांच्या गुणांवरून सगळ्या वर्गाचा अंदाज बांधताना विचलनाच्या गणितात शेवटी पाचाने नाही, चाराने भागतात. तिथे बाई अडल्या. चाराने का, असं त्यांनी विचारलं. सूत्रच तसं आहे, मी म्हणालो.

“हे उत्तर तुम्हाला कोणी दिलं, सर?”

“तुम्हीच, बाई.”

त्यांनी खडू खाली ठेवला. “तेव्हा मलाही माहीत नव्हतं.”

ठाण्यातल्या माझ्या वर्गांना मीही हेच उत्तर देत आलो होतो. पुस्तकातली कारणं मला तोंडपाठ होती, पण समोरच्या माणसाला समजावून सांगता येईना.

पुढच्या रविवारी त्या आल्या त्या थेट फळ्याकडेच गेल्या. “शेजारी सवाष्णी जेवायला होत्या. पाच पानं मांडलेली. चौघी हव्या त्या पानावर बसल्या. पाचवीला कोणी विचारलं, कुठे बसतेस म्हणून? उरलं ते तिचं.” मग त्यांनी आकडे मांडून दाखवले. सरासरीपासूनच्या पाच फरकांची बेरीज शून्यच यावी लागते, म्हणून चार फरक कळले की पाचवा आपोआप ठरतो. “मोजायला पाच, मोकळे चारच.” हात झटकत त्यांनी सहज म्हणावं तसं म्हटलं, “आमच्या घरी पाचवं पान माझंच असतं.” आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

मुलाखत झाल्यावर त्या कल्याणहून थेट माझ्याकडे आल्या. पाठ झकास झाला होता. समितीतल्या एकाने विचारलं, पूर्वीही असंच शिकवत होता का? बाईंनी सांगितलं, नाही, तेव्हा मी स्वतःला न समजलेलंच मुलांना शिकवलं. निकाल तिथेच सांगितला, नोकरी दुसऱ्याला मिळाली.

“कशाला सांगितलंत, बाई?” आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे माझा आवाज चढला.

“विचारलं ना त्यांनी.”

आता घर कसं चालणार, मी विचारलं. मानपाड्याला घरीच शिकवण्या घेईन, असं त्या म्हणाल्या. घेतल्याही, आणि बाई गेल्या तोवर घर त्यावरच चाललं. पण त्या दिवशी मला एवढंच कळत होतं की आमचे रविवार संपले. मी टेबलावरचं पुस्तक उचलून कपाटात ठेवायला निघालो. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि उघडलं.

“पुढचा धडा घ्या, सर.”

“आता कशासाठी, बाई?”

“मुलाखतीसाठी शिकत होते तोवर उरलेल्या पानावर बसले होते. हे पान मी निवडलंय.”

मी खडू घ्यायला उठलो. बाईही उठून उभ्या राहिल्या.