गुडघ्याएवढं गवत

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. जे झालं ते शिक्षणामुळं झालं, असं वाचणाऱ्याला वाटेल अशी भीती होती. पण दोष शिक्षणाचा नव्हता. मी ते घरी ज्या तऱ्हेनं नेलं, त्यात होता.

आमच्या कृषी महाविद्यालयात दुभत्या गाईंच्या कुरणावर प्रयोग चालला होता. गवताच्या वाफ्यांना कमी-जास्त युरिया द्यायचा आणि एकेक वाफा पाळीपाळीनं चरायला सोडायचा. गवतावर लाकडी चौकट ठेवून तेवढ्यातलं गवत कापायचं आणि तोलायचं, हे माझं काम. सर सांगायचे, युरिया टाकल्यावर तीन आठवडे गुरं आत नकोत, आणि पावसानं ताण दिला असेल तर आणखी थांबा. का थांबायचं तेही त्यांनी सांगितलं होतं. मला ते अर्धंच कळलं. हात वर करून विचारायचं धाडस झालं नाही. वहीत लिहून घेतलं, एवढंच.

श्रावणात चार दिवस घरी गेले. आमचा बंजारा तांडा घाटंजीच्या बाजूला. बानं घरामागच्या पडीत जागेवर गवताची ठोंबं लावलेली होती. आम्ही सुतळी बांधून त्याचे चार भाग केले, दोन भागांना युरिया दिला. याडी, म्हणजे माझी आई, दारात बसून बघत होती.

"तुमच्या कालेजात गाईलेही टाइमटेबल रायते का वं?"

"रायते," मी म्हटलं.

"मंग तिले घंटाही वाजवून दे."

बा हसला. मग त्यानं मला विचारलं, "गाय कवा सोडू?"

त्या वेळी मी तीन आठवडे म्हणायला पाहिजे होतं. ताण, नत्र, सगळं सांगायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, हे याच्या ध्यानात राहणार नाही. त्याला शाळा माहीत नाही. म्हणून मी सोपं करून दिलं. "गुडघ्याएवढं झालं का सोड," म्हटलं आणि कॉलेजला परत गेले.

पुढं पाऊस दडी मारून बसला. गवत सुकल्यासारखं झालं. मग एक जोराची सर आली आणि युरिया टाकलेले दोन भाग काळेभोर हिरवे होऊन वर आले. युरिया टाकून बारा-तेरा दिवसच झाले होते. आमच्या तांड्यात हिरव्याचा पहिला घास व्यालेल्या गाईचा. बाकीची गुरं खुंट्याला ठेवून बानं आमची लाल गाय एकटीच आत सोडली. ती व्याली त्याला महिनाही झाला नव्हता.

याडीचा फोन आला, "गाय पडली. तू ये."

जीपमधून उतरून मी घरी पोचले तेव्हा डॉक्टर सामान आवरत होते. सुई द्यायला उशीर झाला होता. गाईचं रक्त लाल नव्हतं, कॉफीसारखं तपकिरी झालं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "युरिया कधी टाकला होता?" बानं माझ्याकडं पाहिलं. मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर दिवस मोजले.

मेलेली गाय नेल्यावर बा सुतळीजवळ बसून राहिला. वासरू आत ओरडत होतं, याडी त्याला बाटलीनं दूध पाजायचा प्रयत्न करत होती. मी बाजवळ गेले.

"मी मापलं होतं," तो म्हणाला. "तिथं उभा राहून मापलं. गुडघ्याच्या वरच होतं."

"तुझं चुकलं नाही, बा."

"मंग काय झालं?"

वहीतलं आणि डॉक्टरांनी जाता जाता समजावलेलं, मी त्याला सगळं सांगितलं. जमीन सुकली तरी मूळ नत्र ओढत राहतं. पाऊस आला की एकदम जास्त ओढतं. गवताला ते पचवायला वेळ लागतो. त्याआधी गाईनं खाल्लं तर रक्त हवा धरत नाही. मला काय कळलं नव्हतं, तेही सांगितलं. वर्गात विचारलं नाही, हेही.

त्यानं मधे दोन प्रश्न विचारले. त्यातला एक मी सरांना विचारायला हवा होता तोच होता: "मंग कापून वाळवलं तर जाते का ते इख?"

"नाही जात."

तो म्हणाला, "हे पयलेच सांगायचं होतं ना माय. मले समजलं असतं."

 

दिवस मावळायच्या आत त्यानं सुतळीवर काटे टाकले आणि तो तांड्यात निघाला. मी मागं मागं गेले. ज्याच्या ज्याच्या घरी गाय होती, त्याच्या दारात थांबून तो आमच्या गोरबोलीत समजावत होता, की आमच्या गवताकडं गुरं येऊ देऊ नका आणि तुमच्या धुऱ्या-बांधावर युरिया पडला असेल तर थांबा. मूळ, पाऊस, रक्त, सगळं क्रमानं. एकही गोष्ट सुटली नाही. कोणी विचारलं की तुला कोणी सांगितलं, तर म्हणायचा, "माझ्या पोरीनं."